साध्या कागदावरचा अंगठा

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिसरी पाळी करून सूतगिरणीतून घरी आलो, तर आई दारातच बसलेली. म्हणाली, तुझ्या आत्याला तिच्या दिरांनी वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलंय. नवरा गेल्यापासून आत्या एकटी राहायची. रात्री मोठमोठ्यानं बोलायची, हे खरं. दोनदा भांडी रस्त्यावर फेकली, हेही खरं. राहती खोली तिच्या नावावर होती, हे त्याहून खरं.

फाटकावर कारकुनानं विचारलं, "तुम्ही कोण?"

"भाचा."

"म्हंजे माहेरचे. सासरच्यांनी दाखल केलंय. त्यांना घेऊन या."

मी आल्या पावली परतलो. एस.टी.त डोक्यात एकच भुंगा : माणसाला आत टाकायला कुणाचा शब्द लागतो आणि बाहेर काढायला कुणाचा? माझी शाळा नववीपर्यंत. एकेक कलम दहादा वाचलं तेव्हा कुठं कळायला लागलं. दोस्तांनो, हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात १८५८ सालची. बंड मोडलं, कंपनीचं राज्य राणीकडं गेलं आणि त्याच साली इंग्रजांनी वेड्यांना कोंडायचे कायदे केले. याच सरकारनं पुढं १८७१ साली अख्ख्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. मोकळा फिरणारा गरीब माणूस त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. १९१२ साली नवा कायदा आला. त्यात दोन दारं होती. घरच्यांनी अर्ज केला तर दोन डॉक्टरांचे दाखले लागत. रस्त्यावर भटकणारा माणूस वेडा दिसतोय असं ठाण्याच्या अधिकाऱ्याला वाटलं, तर त्याला सरळ अटक. मग मॅजिस्ट्रेट, आणि एका डॉक्टरचा दाखला पुरे. घरदार असलेल्याला दोन दाखले, बेघराला एक. हिशेब बघा.

१९५० साली बाबासाहेबांच्या घटनेनं एकविसावं कलम दिलं : कायद्यानं घालून दिलेल्या रीतीशिवाय कुणाचंही स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. पण वेड्यांसाठी रीत घालून दिली होती १९१२ च्या कायद्यानं! आणि तो कायदा चालला १ एप्रिल १९९३ पर्यंत. घटना आल्यावर त्रेचाळीस वर्षं.

त्या त्रेचाळीस वर्षांत काय होत होतं, त्याचा दाखला हजारीबागच्या तुरुंगात आहे. तिथल्या मोफत कायदेशीर मदत समितीनं सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र पाठवलं. साधं पत्र. न्यायालयानं तीच याचिका मानली. १९८२ साली न्यायमूर्ती भगवतींपुढं जे निघालं ते वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. वेडे म्हणून ठेवलेली माणसं एकोणीस ते सदतीस वर्षं तुरुंगात होती. त्यांच्यात आदिवासीही होते. डॉक्टरनं शहाणा ठरवलेला माणूससुद्धा आतच, कारण सुटकेचा हुकूम कुणी काढलाच नाही. वेड्याला कोंडलं होतं म्हणावं तर तो शहाणा झालेला, गुन्हेगाराला कोंडलं म्हणावं तर शिक्षाच नाही. मग त्याला कोंडलं होतं कशापायी? फाईल कुणी उघडली नाही म्हणून. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी बंगालच्या तुरुंगांबद्दल असाच लढा दिला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे, असं न्यायालयानं स्वच्छ सांगितलं ते १९९३ साली.

१९८७ साली झालेला कायदा त्याच वर्षी, १९९३ ला, अंमलात आला. 'वेडा' जाऊन 'मनोरुग्ण' आला. वकील मिळायची सोय झाली, हे मान्य. पण नातेवाइकाचा अर्ज आणि दोन दाखल्यांवर नव्वद दिवस आत ठेवता येत होतं, आणि पोलीस-मॅजिस्ट्रेटची वाटही तशीच होती. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका झापाला आग लागली. आतली माणसं साखळीनं बांधलेली होती. अठ्ठावीस मेली. पळता आलं नाही.

मग २०१७ चा कायदा, २०१८ ला लागू. यात प्रथमच आतल्या माणसाला विचारलंय. जीवाला धोका, दुसऱ्याला धोका, किंवा स्वतःकडं बघणंच अशक्य, असं असेल तरच संमतीशिवाय दाखल करता येतं. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवा. मुदत तीस दिवस. बाई असेल तर तीन दिवसांत पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. रुग्णानं हरकत घेतली तर मंडळानं सात दिवसांत निकाल द्यायचा. वकील मोफत. साखळी बंद. जबरीनं डोकं भादरायचं नाही, अंगावर स्वतःचे कपडे घालू द्यायचे. सक्तीनं काम नाही, काम केलं तर मोबदला. (आमच्या गिरणीतल्या बदली कामगाराला एवढं कुणी लिहून दिलं असतं तर!) समाजाच्या रीतीभाती कुणी मानत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, हेही तिसऱ्या कलमात आहे. चळवळीतल्या पोरांनी, आणि पोरींनी तर खास, ते कलम पाठ करावं. राज्यांनी ही मंडळं नेमायला वर्षानुवर्षं लावली, ती गोष्ट वेगळी.

मला सापडलं ते चौदावं कलम. रुग्णाला आपला प्रतिनिधी स्वतः नेमता येतो. साध्या कागदावर. सही किंवा अंगठा. स्टॅम्पपेपर नाही, नात्याची अट नाही.

वहीतलं पान फाडून, विधी सेवेच्या वकीलबाईंना सोबत घेऊन परत गेलो. तोच कारकून. पण वकीलबाईंनी कलम वाचून दाखवल्यावर फाटक उघडलं. आत्याच्या अंगावर इस्पितळाचा झगा, केस कापलेले. पहिलं विचारलं, "माझं लुगडं आणलंस का?" मी आणलं नव्हतं. मग कागद पुढं केला. आमच्या आज्याचा अंगठा सावकारानं घेतला आणि जमीन गेली, हे तिनं लहानपणी बघितलेलं. तिनं हात मागं घेतला.

"काय लिहिलंय वाच."

मी वाचलं. तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. मग अंगठा उठवला, आणि बोटाची शाई भिंतीला पुसली.

मंडळापुढं अर्ज गेला. आत्या आता तिच्याच खोलीत आहे. गोळ्या घेते. रात्री अजून मोठ्यानं बोलते, शेजारी कुरकुरतात. दीर अधूनमधून येतात, खोलीचं काय ठरलं विचारतात.