खांदेरीचा पराभव आणि रामा कामतीची कैद

खांदेरीचा इतिहास सांगताना मायनाक भंडारी आणि कान्होजी आंग्रे ही दोन नावे हमखास येतात. मी मात्र या बेटाविषयी वाचताना दर वेळी एका तिसऱ्याच नावापाशी अडखळतो. ते नाव रामा कामतीचे. तो मराठ्यांच्या बाजूचा नव्हता, तर मुंबईत इंग्रजांच्या पदरी होता. तरीही खांदेरी हाती न आल्याची किंमत त्याच्याइतकी फार थोड्यांनी मोजली असेल.

आधी बेटाकडे पाहू. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. जवळची उंदेरी, पलीकडची खांदेरी. मुंबई बंदराचे तोंड येथून उत्तरेला फार दूर नाही. म्हणून खांदेरीवर ज्याचा पहारा, त्याची नजर मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर. शिवाजी महाराजांनी हे ओळखले आणि 1679 च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारीला सुमारे दीडशे माणसे व चार लहान तोफा देऊन बेटावर धाडले. तटबंदीचे काम सुरू झाले.

मुंबईकर इंग्रजांनी नाकेबंदी केली. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू पाहत असताना मारला गेला. 18 ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराशी मोठी झुंज झाली. 'डव्ह' हे इंग्रजांचे गलबत मराठ्यांनी पकडले. मात्र कॅप्टन केग्विनच्या 'रिव्हेंज' या जहाजाने मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटले. तोफांच्या हिशेबाने पाहिले तर हा दिवस इंग्रजांचाच म्हणावा लागेल.

तरीही खांदेरी पडली नाही. याचे कारण इंग्रजांच्याच पत्रव्यवहारात सापडते. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या आणि वल्ह्यांवर पळणाऱ्या होत्या. वारा पडला की इंग्रजांची जड जहाजे जागीच डोलत राहत. रात्रीच्या अंधारात मात्र या होड्या किनाऱ्यावरून दाणागोटा घेऊन बेटाला लागत. पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरीवर ठाणे बसवले, तरी खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. 1680 च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेऊन तह केला.

जवळपास चाळीस वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली. आता खांदेरी कान्होजींकडे होती आणि मुंबईचा गव्हर्नर होता चार्ल्स बून. नोव्हेंबर 1718 मध्ये तो स्वतः आरमार घेऊन निघाला. क्लेमंट डाउनिंग या समकालीन इंग्रजाने या स्वारीची हकिकत लिहून ठेवली आहे. कुलाब्याकडून बेटाला कुमक पोचू नये म्हणून मान्युएल दि कास्त्रो या पोर्तुगीजावर पहाऱ्याची जबाबदारी होती. त्याच्या पहाऱ्यातूनही होड्या बेटाला पोचल्याच. बेटावर उतरण्याचा प्रयत्न माणसे गमावून फसला आणि बून मुंबईला परतला.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी मुंबईत नवे चर्च उघडले. त्या समारंभाला रामा कामती आपल्या जातभाईंसह हजर असल्याची नोंद पाद्री रिचर्ड कॉबने केली आहे. रामा कामती शेणवी, धनिक आणि कंपनीच्या देशी शिपायांचा पुढारी. 1715 मध्ये वाळकेश्वराचे देऊळ त्यानेच पुन्हा बांधले. कंपनीचा त्याच्यावर भरवसा होता.

पण 1720 मध्ये हाच माणूस आरोपी म्हणून उभा राहिला. कान्होजींशी गुप्त संधान बांधल्याचा ठपका त्याच्यावर होता. पुरावा म्हणून त्याची मोहोर असलेले पत्र पुढे आले. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून जबानी घेण्यात आली. त्याला जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. 1728 मध्ये तो कैदेतच मेला. ती पत्रे बनावट असल्याचे पुढे उघडकीस आले, पण त्याचा त्याला काय उपयोग!

मला या खटल्यात पराभवाची एक सोयीस्कर उपपत्ती दिसते. उथळ पाणी, पडलेला वारा आणि रात्रीच्या होड्या ही कारणे 1679 पासून मुंबईच्या दप्तरात लिहिलेली होती. ती मान्य करायची, तर आपली युद्धरीतच या किनाऱ्याला लागू नाही हे कबूल करावे लागले असते. त्यापेक्षा फितूर शोधणे सोपे होते. मूळ कारण मात्र तसेच राहिले. 1721 च्या डिसेंबरात कमोडोर मॅथ्यूजच्या युद्धनौका आणि पोर्तुगीज फौज एकत्र येऊनही कुलाबा किल्ला पडला नाही. तेव्हा कथित फितूर तुरुंगात होता! त्या अपयशानंतर इंग्रज आणि पोर्तुगीज एकमेकांना दोष देऊ लागले.

आंग्र्यांचे संस्थान 1840 मध्ये वारसाच्या कारणावरून खालसा झाले, पण खांदेरी त्याआधीच 1818 मध्ये पेशव्यांच्या मुलखाबरोबर इंग्रजांकडे गेली होती. 1867 मध्ये तिथे दीपगृह उभे राहिले. 2025 मध्ये हा किल्ला जागतिक वारसा यादीतही आला.

मायनाकाचा आणि कान्होजींचा गौरव योग्यच आहे. मात्र जिंकणाऱ्यांच्या पोवाड्यात आणि हरणाऱ्यांच्या अहवालात, दोन्हींकडे रामा कामतीला जागा नाही. खांदेरीच्या इतिहासात ती त्याला मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे.