गाडी चांगली होती, म्हणे!

बाईनं काही मोठं करून दाखवलं की श्रेय द्यायला लोक आधी दुसरंच कुणी शोधतात. पुरणपोळी छान झाली तर डाळ चांगली होती. मुलगी पहिली आली तर शिकवणी चांगली होती. ही खोड फक्त आपल्याकडची नाही बरं का. शंभरावर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या दोन बहिणींची हकिकत ऐका, म्हणजे पटेल.

ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या न्यूयॉर्कच्या दोघी बहिणी. घरच्यांच्या गसी आणि अ‍ॅडी. अमेरिकेचे आठवे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या घराण्याशी नातं सांगणाऱ्या. साल १९१६. युरोपात पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं आणि अमेरिकाही त्यात उतरणार अशी चिन्हं होती. सैन्यात निरोप पोचवायला मोटारसायकलस्वार लागत. हे काम बायकांनी केलं तर तेवढे पुरुष लढायला मोकळे होतील, असं या बहिणींचं म्हणणं. त्यामागे आणखी एक गोष्ट होती. बायका युद्धाच्या कामाच्या नाहीत, मग त्यांना मत कशाला, असा युक्तिवाद तेव्हा सर्रास होई. त्याला या दोघींना बोलून नव्हे, करून उत्तर द्यायचं होतं.

जुलैच्या सुरुवातीला दोघी ब्रुकलिनहून निघाल्या. प्रत्येकीची स्वतःची फटफटी. गाडीचं नाव ‘इंडियन’, पण त्या नावाचा आपल्याशी काही संबंध नाही, ती तिकडचीच कंपनी. मिसिसिपी नदी ओलांडली की पुढं पक्की सडक क्वचितच. चिखल, दगड, बैलगाडीच्या चाकोरीसारख्या वाटा. आपल्याकडे माताजींचा चातुर्मास सुरू होऊन विहार थांबतो, त्याच महिन्यांत या दोघी पावसाच्या राड्यातून गाड्या ओढत होत्या.

रस्त्यानं अडवलं त्यापेक्षा कपड्यांनी जास्त अडवलं. अंगात चामड्याची विजार, कारण झग्यात एवढी जड गाडी चालवायची कशी? पण शिकागोच्या आसपासच्या लहान गावांत पोलिसांनी त्यांना पकडलं, तेही एकदा नव्हे, अनेकदा. गुन्हा काय, तर पुरुषांचा वेश! काष्टा घालून घोड्यावर बसणाऱ्या बायका ज्या मराठी मुलखानं पाहिल्या, तिथल्या आपल्याला याचं हसू येईल. पण हसताना जरा जपून. मुलीच्या जीन्सवरून आपल्या घरात किती दिवस अबोला होता, तेही आठवायला हवं.

ऑगस्टमध्ये दोघी कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर गाड्यांसकट पोचल्या. मोटारवाहनानं तिथं पोचलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. पुढं यूटाच्या वाळवंटात वाट चुकली, पाणी संपलं. खाणी शोधत फिरणारा एक माणूस पाण्यासह भेटला, म्हणून वाचल्या. सुमारे ६० दिवसांनी, ८ सप्टेंबरला लॉस एंजेलिस. तिथून पुढं मेक्सिकोची सरहद्दही ओलांडली. एकूण साडेपाच हजार मैल.

आता श्रेयाचं बघा. मोटारसायकलींच्या मासिकांनी गाडीची वाहवा केली. बहिणींच्या प्रवासाला म्हटलं ‘सहल’. एका वर्तमानपत्रानं तर लिहिलं की, देशसेवा हे निमित्त, यांना घरकाम चुकवून नव्या कपड्यांत मिरवायचं होतं. अ‍ॅडीनं सैन्यात निरोप्याच्या कामासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. साडेपाच हजार मैलांचा दाखला हातात असताना! तरी दोघी रडत बसल्या नाहीत. अ‍ॅडी पुढं कायदा शिकली, गसी विमान चालवायला शिकली.

या दोघींच्या आदल्याच वर्षी, १९१५ मध्ये, एफी हॉचकिस नावाची मुलगी आईला बाजूच्या साइडकारमध्ये बसवून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन परत आली होती. वाटेत ट्यूब संपल्या, तेव्हा मायलेकींनी घोंगडी कापून टायरात भरली. ही हुशारी कुठल्या कंपनीनं दिली होती?

आपल्या देशात सीमा सुरक्षा दलाच्या ‘सीमा भवानी’ पथकातल्या मुली २०१८च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावर मोटारसायकलींवर दिसल्या. २०२२च्या महिला दिनी दिल्लीच्या इंडिया गेटवरून निघून त्या कन्याकुमारीमार्गे चेन्नईला पोचल्या. अ‍ॅडीचा अर्ज ज्या कामासाठी फेटाळला, त्याच वर्दीच्या जगातल्या या मुली. मधे गेली शंभरावर वर्षं.

पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर बसलेल्या मुलींचे फोटो आपण हौसेनं एकमेकींना पाठवतो. चांगलंच आहे. पण तो रस्ता दोन-तीन किलोमीटरचा, आणि दोन्ही बाजूंना आपलीच माणसं. त्याच मुलीनं लडाखला जाते म्हटलं की आपला पहिला प्रश्न येतो, ‘कुणाबरोबर?’ हजारो किलोमीटर अनवाणी चालणाऱ्या आर्यिकांपुढं हात जोडणारा आपला समाज. बाईच्या पायात केवढं बळ असतं, हे आपल्याला कुणी वेगळं शिकवायला नको.

काळजी वाटते, ती वाटणारच. मग काळजीचेच प्रश्न विचारूया. पंक्चर काढता येतं का? हेल्मेट चांगलं आहे का? मुक्काम कुठं कुठं? पैसे पुरेसे घेतलेस का? आणि ती परत आली की मंडळाच्या अहवालात तिचं नाव, तारीख, किलोमीटर नीट लिहून ठेवूया. नाहीतर पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हणेल, गाडी चांगली होती, म्हणे!