रबराची गादी आणि तिचा अडसर

उरण तालुक्यांतील जासई हें गांव महाराष्ट्राला मुख्यतः शेतकऱ्यांचे पुढारी दि. बा. पाटील यांचें जन्मगांव म्हणून परिचित आहे. परंतु आज त्या गांवाच्या आसपास जो प्रवासी उभा राहील, त्याच्या डोळ्यांत प्रथम भरेल तें लोखंड आणि काँक्रीट. १९८९ सालीं सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या अवजड मालगाड्या जासईवरून धडधडत जातात. आणि शिवडीहून निघालेला सुमारें २२ किलोमीटर लांबीचा सागरी सेतु, जो १२ जानेवारी २०२४ रोजीं खुला झाला, तो जवळच्याच चिर्ले गांवापाशीं जमिनीला लागतो. हा सगळा पसारा एकमेकांस घट्ट जखडलेला असावा, असें पाहणाराला वाटतें. वस्तुस्थिति मात्र निराळी आहे. रूळ आणि काँक्रीटचा स्लीपर यांच्यामध्यें खांचा पाडलेली रबराची पातळ गादी असते. मोठ्या पुलांचे गाळेहि खांबांवर सरळ न बसतां बेअरिंगांवर बसतात, आणि पुष्कळ पुलांत हीं बेअरिंगें रबराचींच असतात.

त्या रुळाखालच्या गादीकडे नीट पाहिलें, तर तिच्या शेजारीं आणखी एक वस्तु दिसते. रुळाचा पाया दोहों बाजूंनीं ओतीव लोखंडाच्या तुकड्यांमध्यें अडकविलेला असतो आणि वरून पोलादी क्लिपांनीं दाबलेला असतो. गादी म्हणते, "हल." शेजारचें लोखंड म्हणतें, "एवढेंच हल." या दोन आज्ञांचा मेळ घालण्यास माणसाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं, आणि त्यांतील दुसरी आज्ञा तर त्याला मोठें नुकसान सोसून शिकावी लागली.

कच्चें रबर हें मोठें लहरी द्रव्य आहे. उन्हांत तें चिकट होतें, थंडींत कडक होतें. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर याला असें आढळलें कीं, रबरांत गंधक मिसळून तें तापविलें तर त्याचा हा लहरीपणा जातो व लवचिकपणा टिकून राहतो. १८४४ सालीं त्यानें या कृतीचें पेटंट घेतलें. इंग्लंडांत टॉमस हॅनकॉक यानेंहि त्याच सुमारास तीच वाट चोखाळली. लौकरच आगगाडीच्या डब्यांचे धक्के सोसण्यासाठीं रबराच्या चकत्या वापरण्यांत येऊं लागल्या. १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें रेल्वेच्या एका उंच पुलाखालीं रबराच्या गाद्या बसविण्यांत आल्या. सुमारें शंभर वर्षांनीं त्या तपासल्या, तेव्हां वरचा एक पातळ थर तेवढा कडक झालेला आढळला. आंतलें रबर शाबूत होतें. रबर टिकत नाहीं, ही जुनी समजूत या एका उदाहरणानें पुरती खोटी ठरली.

आतां ही गादी काम कसें करते, तें पाहूं गेल्यास तिच्यांत गूढ असें कांहीं नाहीं. यंत्र गादीवर ठेवलें कीं त्याच्या वजनानें गादी थोडी दबते. जेवढी ती अधिक दबेल, तेवढा त्या यंत्राचा गादीवरील स्वाभाविक झोका संथ होतो. एक मिलिमीटर दबल्यास हा झोका सेकंदाला सुमारें १६ वेळां होतो. चार मिलिमीटर दबल्यास तो निम्म्यावर, म्हणजे सुमारें ८ वर येतो. मिनिटाला १५०० फेरे घेणारें इंजिन सेकंदाला २५ फेरे घेतें. गादी एकच मिलिमीटर दबली असेल, तर त्याच्या थरकापाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग खालीं जमिनींत जातो. चार मिलिमीटर दबली असेल, तर केवळ सुमारें नववा भाग जातो. यावरून गादी जितकी मऊ तितकी चांगली, असें कोणासहि वाटेल. आणि प्रारंभीं कारागिरांना तसें वाटलेंहि.

पण मऊपणाची किंमत मोजावी लागते. तेंच इंजिन सुरू करतांना किंवा बंद करतांना त्याच्या फेऱ्यांची संख्या शून्यापासून १५०० पर्यंत चढते व पुन्हां उतरते. वाटेंत मिनिटाला सुमारें ४८० फेऱ्यांच्या आसपास एक क्षण असा येतो कीं, इंजिनाचा ठोका आणि गादीचा झोका यांचा ताल जुळतो. पाळण्याला नेमक्या वेळीं दिलेल्या हलक्या धक्क्यानेंहि पाळणा जसा उंच चढतो, तसें यंत्र त्या क्षणीं उसळतें. तेलाची नळी तुटते, पंख्याचें पातें घासतें, रबर लोखंडापासून सुटून येतें. म्हणून यंत्राच्या हालचालीला हद्द घालणारा कोणी तरी हवा. कारखान्यांत त्याला स्टॉपर म्हणतात. मराठींत त्याला अडसर म्हणावें.

हा विचार मोटारीच्या इतिहासांत ठळकपणें दिसून येतो. १९३१ सालीं अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीनें आपल्या प्लिमथ गाडींत चार सिलिंडरांचें इंजिन एका नव्या तऱ्हेनें टांगलें. एक रबरी माउंटिंग पुढें उंचावर, दुसरें मागें खालीं, आणि त्या दोहोंस जोडणारी रेषा इंजिनाच्या गुरुत्वमध्यांतून जाईल अशी ती योजना होती. त्यामुळें इंजिनाला स्वतःच्याच आंसाभोंवतीं डोलण्याची मोकळीक मिळाली, आणि गाडींत बसणाराला तें डोलणें जाणवेनासें झालें. या योजनेला त्यांनीं "तरती शक्ति" अशा अर्थाचें नांव दिलें, व पुढील वर्षीं फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनें ती उचलली. जाहिरातींत कौतुक झालें तें रबराचें. परंतु इंजिनाच्या बाजूला एक पोलादी पाटा बसविलेला होता. इंजिन फार डोलूं लागलें म्हणजे हा पाटा त्याला आंवरून धरी. तो पाटा नसता, तर ती तरती शक्ति पहिल्याच चढावावर बुडाली असती. पुढें शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशींच करार झाला, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. 

अडसर बसविणें म्हणजे नुसता लोखंडी ठोकळा उभा करणें नव्हे. यंत्र आणि ठोकळा यांच्यामध्यें किती फट ठेवावी, यावरच सगळें अवलंबून असतें. फट फार लहान ठेवली, तर यंत्र चालू असतांना सारखें अडसराला टेकतें, आणि गादीनें अडविलेला थरकाप या आडवाटेनें खालीं उतरतो. मग गादी असून नसल्यासारखी होते. फट फार मोठी ठेवली, तर यंत्र तेवढ्या अंतरांत वेग घेतें आणि अडसरावर घणासारखें आदळतें. म्हणून ती फट नेहमींच्या थरकापाहून मोठी, पण नळ्या व सांधे यांना सोसेल त्याहून लहान असावी लागते. आणि अडसराच्या तोंडालाहि रबर लावावें लागतें, म्हणजे धक्का एकदम न बसतां चढत चढत बसतो. रबराचा आणखी एक स्वभाव येथें ध्यानांत घ्यावा लागतो. रबर दाबलें म्हणून त्याचें आकारमान घटत नाहीं. तें बाजूंना फुगतें. फुगण्यास जागा ठेविली नाहीं, तर तें दगडासारखें कठीण होतें. रुळाखालच्या गादीला खांचा पाडतात त्या याचसाठीं.

मोटारीनें शिकविलेला हा धडा इमारती बांधणारांच्या ध्यानांत मात्र यावा तितका आला नाहीं. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर आणि तळघरांत पंप, पंखे व जनित्रें स्प्रिंगांवर किंवा रबरावर ठेवण्याची रीत पडली. रोजचा आवाज थांबला, त्यामुळें सर्व संतुष्ट होते. २७ मार्च १९६४ रोजीं अलास्कांत आणि ९ फेब्रुवारी १९७१ रोजीं कॅलिफोर्नियांतील सान फर्नांडो येथें भूकंप झाले. नंतर अभियंते पाहणी करूं लागले, तेव्हां एक विलक्षण गोष्ट दिसून आली. जीं यंत्रें जमिनीला सरळ बोल्टांनीं जखडलेलीं होतीं, त्यांतील बरीचशीं जागच्या जागीं राहिलीं होतीं. आणि जीं काळजीपूर्वक मऊ आधारांवर ठेवलीं होतीं, तींच उडून कलंडलीं होतीं. त्यांच्या नळ्या तुटल्या होत्या, वीज बंद पडली होती. जी काळजी रोजच्या थरकापासाठीं घेतली, तिनेंच भूकंपाच्या दिवशीं घात केला. तेव्हांपासून अशा यंत्रांच्या चारी बाजूंना अडसर असलेच पाहिजेत, हा दंडक रूढ झाला.

पुलांची कथाहि याच मार्गानें गेली. १९५० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या फ्रेसिने यानें रबराच्या थरांमध्यें पोलादी पत्रे घालून बेअरिंग तयार करण्याची रीत पुढें आणली. पत्र्यांमुळें रबर फुगूं शकत नाहीं, म्हणून वजन पेलतें. पण आडवें मात्र सहज सरकतें, म्हणून उन्हानें पुलाचा गाळा लांबला तरी खांबावर ताण येत नाहीं. रबराच्या एकूण जाडीच्या मानानें ठरविलेल्या मर्यादेहून अधिक हें सरकणें होऊं देऊं नये, असा आपल्याकडील पुलांचा नियम आहे. परंतु भूकंप हा नियमाचें पुस्तक वाचून येत नाहीं.

२६ डिसेंबर २००४ रोजीं अंदमानांत हें सिद्ध झालें. उत्तर व मध्य अंदमान यांना जोडणारा ऑस्टिन सामुद्रधुनीवरील सुमारें २६८ मीटर लांबीचा पूल तेव्हां जवळजवळ नवाच होता. त्याचे गाळे रबरी बेअरिंगांवर बसविलेले होते. परंतु ते बाजूला सरकूं नयेत म्हणून अडसर ठेवलेले नव्हते. धरणी हादरली, तेव्हां मधले गाळे बेअरिंगांवरून घसरून बाजूला गेले. खांब उभेच होते, गाळेहि मोडले नव्हते. तरीहि बेटाचा मुख्य रस्ता लंगडा झाला. त्या ठिकाणीं काँक्रीटचे चार ठोकळे असते, तर एवढ्या मोठ्या कामाला धक्का लागला नसता.

याच्या उलट दाखलाहि आपल्या शेजारींच आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपांत भूजचें रुग्णालय कोसळलें. तें पुन्हां बांधलें, तेव्हां सबंध इमारत न्यूझीलंडमध्यें शोधून काढलेल्या, मधोमध शिशाचा गाभा असलेल्या रबरी बेअरिंगांवर उभी करण्यांत आली. अशा इमारतीच्या भोंवतीं खंदकासारखी मोकळी जागा राखावी लागते. इमारतीनें किती हलावें तें त्या जागेनें ठरतें. ती जागा कोणी अडगळीनें भरली, तर रबराची सर्व विद्या व्यर्थ जाते.

कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा हादरा मुंबईपर्यंत जाणवला होता. म्हणून जासईच्या परिसरांतील रूळ, पूल आणि यंत्रें यांच्या बाबतींत हा प्रश्न परका नाहीं. रबर काळें असल्यामुळें लक्ष वेधून घेत नाहीं, आणि अडसर तर वर्षानुवर्षें कोणाच्या उपयोगीच पडत नाहीं. गादी रोज आपलें काम करते. अडसर एका दिवसासाठीं उभा असतो. खर्च कमी करूं पाहणाराला तो निरुपयोगी वाटतो, आणि देखरेख करणाराच्या हातून त्याच्या फटींत माती साचूं दिली जाते. परंतु ज्यानें त्या फटीचें माप काळजीनें ठरविलें आणि ज्यानें ती फट स्वच्छ ठेविली, त्या दोघांचे उपकार प्रवाशाला कधींच कळत नाहींत. त्याची गाडी जासईवरून सुखरूप पुढें जाते, एवढेंच त्याला कळतें.