पक्षी बोलावणारी पेटी : अमेरिकेतील एक काष्ठकला

लाकडाच्या कामाचा इतिहास म्हटला की देवळांचे सभामंडप, वाड्यांच्या चौकटी, रथ आणि पालख्या ह्यांचीच आठवण होते. वीतभर लांबीच्या एका पेटीचाही इतिहास लिहिण्याजोगा असतो, हे आपल्या सुतार ज्ञातीतील कुटुंबांस सांगावे, म्हणून आम्ही प्रस्तुत विषय निवडला आहे. ही पेटी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत नावारूपास आली, आणि तिचे काम एकच : टर्की ह्या रानपक्ष्याच्या मादीचा आवाज काढणे. शिकारीचे समर्थन करण्याचा आमचा हेतू नव्हे. आपल्याकडे तर वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने शिकारीस मनाई आहे. आमचे लक्ष आहे ते पटाशीकडे.

हा पक्षी मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीज लोक त्यास 'पेरू' म्हणतात. आपण त्या नावाचे फळ खातो, ही गंमत सोडून देऊ. १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जी नवलाची जनावरे नेली त्यांत टर्कीही होता. उस्ताद मन्सूर ह्याने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. परंतु माणसाळलेला टर्की वेगळा आणि रानातला वेगळा. रानातल्याची नजर व कान विलक्षण तीक्ष्ण असतात. वसंतात नर पहाटे झाडावरून साद घालतो व मादी त्याच्याकडे जाते, हा निसर्गक्रम. शिकाऱ्यास तो उलटा करावयाचा असतो. मादीचा आवाज काढून, नरालाच बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे सुमारे चाळीस पावलांवर, आणावयाचे. एक स्वर खोटा पडला की नर गप्प होतो, आणि तो दिवस वाया जातो.

तेथील मूळ रहिवासी ह्या कामी टर्कीच्याच पंखाच्या पोकळ हाडाची नळी ओठांनी ओढून वाजवीत. लाकडी पेटीचे प्रकार पुढे आले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ती आर्कान्सा राज्यातील डार्डानेल गावच्या हेन्री गिब्सन ह्याची. तिला १८९७ मध्ये पेटंट मिळाले. वर उघडी अशी लांबट अरुंद पेटी आणि एका टोकास स्क्रूने सैल बसविलेले, दांडा असलेले झाकण, एवढाच तिचा घाट. झाकणाच्या खालच्या अंगास खडू घासावयाचा आणि ते पेटीच्या कडेवरून हलकेच ओढावयाचे. सारंगीचा गज राळेमुळे तारेस धरतो, सोडतो, पुन्हा धरतो, आणि त्या धरसोडीतून स्वर उमटतो. येथे तेच लाकडावर लाकूड करते. मादीची हाक आरंभी उंच व बारीक असते, मग मध्येच तुटून खालच्या, खरबरीत स्वरात उतरते. हा तुटण्याचा क्षण पेटीतून काढणे हीच खरी विद्या होय.

ती पेटंटच्या कागदावर उतरत नाही. आकृती पाहून पेटी कोणीही जोडील. ती बोलेलच असे नाही. पॉपलर, सीडर, अक्रोड, महोगनी, चेरी अशी लाकडे वापरतात, आणि पुष्कळ कारागीर पेटीहून झाकण कठीण जातीचे घेतात. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या बोलत नाहीत. बाजूच्या भिंती फार पातळ राखाव्या लागतात. त्यांच्या वरच्या कडेस आणि झाकणाच्या पोटास किंचित कमानदार गोलाई द्यावी लागते, म्हणजे दोहोंचा स्पर्श एका वेळी एकाच बिंदूवर होतो. मग कारागीर वाजवतो, ऐकतो, आतून साल काढतो, पुन्हा वाजवतो. भिंत जाड राहिली तर आवाज कोंडतो, आणि फार पातळ झाली तर तो चिरका होतो. काढलेली साल परत चिकटविता येत नाही. सांधा जमविताना रंध्याचा एक हात जास्त फिरल्याचे दुःख आपल्यापैकी कोणास ठाऊक नाही? तेलकट हाताचा स्पर्श झाला वा पाऊस लागला तरी पेटी मुकी होते; म्हणून शिकारी ती पावाच्या रिकाम्या पिशवीत जपून ठेवीत.

परंतु गिब्सनच्या पेटीस पेटंट मिळाले त्या सुमारास पक्षीच संपत चालला होता. कनेटिकट राज्यातून तो १८१३ च्या सुमारास, मॅसॅच्युसेट्समधून १८५१ च्या सुमारास नाहीसा झाला होता. बाजारासाठी केलेली बेसुमार शिकार आणि अरण्यांची तोड ही कारणे. त्यात १९०४ मध्ये न्यूयॉर्क येथे चेस्टनट वृक्षावरील रोग आढळला, आणि टर्कीचे एक मोठे अन्नही गेले. ऐकणाराच नाही तर हाक घडवावी कोणासाठी? १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या कामी लागला. पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी रानात सोडून पाहिले, ते तगले नाहीत. १९५१ पासून दक्षिण कॅरोलायनात रानटी पक्ष्यांवर तोफेसारख्या यंत्राने जाळे फेकून ते पकडू लागले. असे पकडलेले पक्षी दुसऱ्या अरण्यात नेऊन सोडले आणि ते तेथे रुजले. आज अलास्का वगळता मुख्य भूमीवरील सर्व राज्यांत ते आहेत. त्यांची गणना लाखांनी होते.

पक्ष्यामागोमाग पेटीही परतली. अलाबामातील एम. एल. लिंच ह्याने आपल्या पेट्या मोटारीतून गावोगाव फिरून विकल्या व ती सामान्य शिकाऱ्याच्या हाती पोहोचविली. दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनवूडच्या नील कॉस्ट ह्याने लांब दांड्याची, वल्ह्यासारखी पेटी घडविली. जाणकार त्याची तुलना व्हायोलिनकार स्ट्राडिव्हेरियसशी करीत. आमच्या मते ही तुलना अतिशयोक्त नाही, कारण दोघांचेही अखेरचे परिमाण मोजपट्टी नसून कान हेच होते.

आता त्याच्या पेट्यांस संग्राहक हजारो डॉलर मोजतात. त्यांतील कित्येक काचेच्या कपाटात असतात. त्यांच्या झाकणास कोणी खडू लावीत नाही, मूल्य घटेल ह्या भयाने. नव्या कारागिराला मात्र त्यांच्याकडून शिकावयाचे तर त्या हातात घेऊन वाजवाव्याच लागतील.