धुऱ्यावरची गांडुळे

१८८१ साली चार्ल्स डार्विनने गांडुळांवर पुस्तक लिहिले. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी दरवर्षी एकरी १० टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

तिरोड्याच्या धानशेतीला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. रोवणीसाठी बांधीत चिखल केला की बिळे मोडतात. गांडूळ त्वचेने श्वास घेते. साचलेल्या पाण्यात प्राणवायू अपुरा पडतो. म्हणून बरीच गांडुळे न नांगरलेल्या धुऱ्याचा आसरा घेतात आणि पाणी ओसरल्यावर बांधीत परततात. तेथे शेणखत आणि मालगुजारी तलावांचा गाळ त्यांना खाद्य पुरवी.

१९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पुढे अनेक तलाव गाळाने भरले. १९६६ नंतर देशात बुटक्या धानजाती, रासायनिक खते व कीटकनाशके पसरली. उत्पन्न वाढले, शेणखत मागे पडले. युरिया पिकाला नत्र देतो. माती पोखरून भुसभुशीत करीत नाही.

धुरा कोरला तर धानाची एक ओळ वाढते, पण गांडुळांचे माहेर जाते. जूनच्या पहिल्या पावसानंतर विद्यार्थ्यांसह धुऱ्यावर व बांधीत फूटभर लांब-रुंद-खोल खड्डे खणा आणि गांडुळे मोजा. धान कापल्यावर पुन्हा मोजा. आपल्या गावचा हिशेब आपणच मांडू या.