जमिनीवरचे आकाश : वैमानिक-कक्षाच्या अनुकृतीचा इतिहास

चामोर्शीच्या श्रोत्यांना लढाऊ विमानाच्या वैमानिक-कक्षाशी काय कर्तव्य, अशी शंका आजचा विषय वाचून कोणाच्याही मनात येईल. आपल्या डोक्यावरून विमाने जातात; ती येथे उतरत नाहीत. परंतु ज्या यंत्राने जगातील लक्षावधी वैमानिकांना जमिनीवर बसवून उडायला शिकवले, त्याचा जन्म वाद्यांच्या कारखान्यात झाला. पेटीच्या सुरावर उजाडेपर्यंत नाटक पाहणाऱ्या झाडीपट्टीतल्या माणसाला ते समजावून देणे मुळीच कठीण नाही.

विमान उडू लागले आणि पाठोपाठ शिकाऊ वैमानिक मरू लागले. तेव्हा, आकाशात चढण्यापूर्वी जमिनीवरच थोडा सराव करून घ्यावा, ही कल्पना निघणे स्वाभाविक होते. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानांसाठी एक साधन तयार झाले. पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक ठेवून वर शिकाऊ माणूस बसवायचा. मदतनिसांनी ते पिंप हलवायचे आणि त्याने चाके फिरवून तोल सावरायचा. आज हे हास्यास्पद वाटते. पण त्यातील मूळ विचार पक्का होता. हाताला सवय आधी लागावी, संकट नंतर यावे.

या विचाराला यंत्राचे रूप दिले ते अमेरिकेतील एडविन लिंक याने. बिंगहॅम्टन गावी त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च परवडेना, म्हणून या तरुणाने ऑर्गनचे भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या घेऊन एक ठेंगणे खोटे विमान उभे केले. आपल्या पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो आणि त्या हवेवर सूर उठतात. लिंकच्या यंत्रात हवेने सूर उठत नसत, बसलेला माणूस डावी-उजवीकडे कलत असे. १९२९ साली त्याने पेटंटासाठी अर्ज केला. गिऱ्हाईक मात्र जत्रेतले मिळाले; करमणुकीच्या बागांत पैसे देऊन लोक त्यात बसत. वैमानिकी शाळांना ते खेळणेच वाटले.

१९३४ साली अमेरिकन सैन्याकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगांत, धुक्यात, रात्री केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याची सवय त्या वैमानिकांना नव्हती, आणि काही आठवड्यांतच दहाहून अधिक जण प्राणास मुकले. त्या वर्षी सैन्याने लिंककडून सहा यंत्रे घेतली. वरून झाकण लावले की आत काळोख. समोर फक्त तबकड्या. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर एक छोटी गाडी कागदावर शाईने त्याचा मार्ग रेखीत जाई. तिला ‘खेकडा’ म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांवर यंत्रे बनली.

या यंत्राने शिकवलेला सर्वांत मोठा धडा शरीरशास्त्राचा आहे. आपल्या कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या नलिका असतात. त्यांवरून शरीराला तोल कळतो. परंतु विमान हळूहळू कलत गेले आणि बाहेर क्षितिज दिसत नसले, की हे इंद्रिय फसते. विमान सरळ जात आहे असे अंग सांगते, तबकडी मात्र ते कलले आहे म्हणते. अशा वेळी अंगाचे न ऐकता तबकडीचे ऐकायचे, हे पुस्तक वाचून येत नाही. ते सरावानेच अंगी बाणते.

म्हणजे कक्ष हा नुसता बसण्याचा कोनाडा नव्हे, ही गोष्ट महायुद्धात अधिक स्पष्ट झाली. बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक जमिनीवर उतरल्यावर भलतीच कळ दाबून चाकेच मिटवून टाकीत. १९४३ साली अल्फोन्स चपॅनिस या मानसशास्त्रज्ञाच्या ध्यानी आले की चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ दिसायला एकसारख्या असून शेजारीशेजारी बसवलेल्या आहेत. उपाय किती साधा! एका कळीला चाकाच्या आकाराची मूठ, दुसरीला पाचरीच्या आकाराची. अंधारात बोटांनाच फरक कळू लागला. १९४७ साली फिट्स आणि जोन्स यांनी कळींच्या गफलतीचे ४६० प्रसंग तपासले. ज्याला वैमानिकाची चूक म्हणत, तिच्यामागे पुष्कळदा कक्षाच्या रचनेची चूक दडलेली असते, हा त्यातून निघालेला बोध.

पुढे गिल्बर्ट डॅनियल्स याने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. कक्ष ‘सरासरी’ माणसासाठी बांधलेला होता. पण दहाही मापांत सरासरीत बसणारा त्या हजारोंत एकही निघाला नाही! यातूनच पुढेमागे सरकणारी आसने व पट्टे आले.

आता आपल्या देशाकडे वळू. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये भारतीय वायुदलात आले. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ मध्ये कारखाना निघाला आणि मिग विमाने तेथे बनू लागली. त्याचा कक्ष अरुंद. आतील फळ्यांना हिरवट-निळा रंग, डोळ्यांना शीण कमी व्हावा म्हणून. समोरच्या फळीवर मध्यभागी एक उभी पांढरी रेघ असे. विमान गिरक्या घेत कोसळू लागले, की वैमानिकाने सुकाणूचा दांडा त्या रेघेच्या रोखाने पुढे लोटायचा. बुद्धी गांगरलेल्या क्षणी हाताला दिशा दाखवणारी ती रेघ!

पण हे विमान ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने उतरे. साध्या शिकाऊ विमानावरून एकदम त्यावर जाणे म्हणजे विहिरीत पोहायला शिकून थेट पुरातल्या वैनगंगेत उडी घेणे होय. मधली पायरी म्हणून प्रगत शिकाऊ विमान हवे, असे लाफाँतेन समितीने १९८२ सालीच सुचवले होते. हॉक विमाने वायुदलात आली २००८ मध्ये. संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिकांनी प्राण गमावले.

त्या आकड्यात एक मराठी नाव आहे. पुण्याचे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगड येथे रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून मृत्यू पावले. दोष वैमानिकाच्या माथी मारणारा निष्कर्ष त्यांच्या आईवडिलांनी, कविता व अनिल गाडगीळ यांनी मान्य केला नाही. हवाई सुरक्षेचा प्रश्न त्यांनी जाहीरपणे लावून धरला. आणि नुसती दाद मागून न थांबता पुण्यात मुलाच्या स्मृतीसाठी सिम्युलेटरवर शिक्षण देणारी संस्था उभी केली. पुत्रशोकाचे असे रूपांतर आपल्या इतिहासात फार थोडे आढळेल.

अलीकडे घरच्या संगणकावरही लढाऊ विमाने उडवता येतात. २०१४ मध्ये परदेशातील कारागिरांनी मिग-२१ चा संपूर्ण कक्ष अशा एका खेळासाठी घडवला; त्यातील कळी एकेक करून दाबता येतात. अशा कामात खरेपणा कशाला म्हणावे? उडालेला रंग, घासलेली मूठ हे सारे डोळ्याला सुखावते. परंतु आपल्या रंगमंचावरचा राजवाडा कापडाचा असतो, याची प्रेक्षकाला खंत नसते. नटाची एन्ट्री चुकली मात्र, की नाटक पडते. कक्षाचेही तेच आहे. रंग थोडा फिका चालेल. पण कळ खऱ्या जागी हवी, खऱ्या क्रमाने चालायला हवी आणि तबकडीचा काटा खऱ्यासारखाच उशिराने हलायला हवा. चुकीच्या जागी बसवलेली कळ चुकीची सवय लावते, आणि चुकीची सवय ही अज्ञानापेक्षा वाईट. अर्थात घरच्या खुर्चीत अंगावर पडणारा भार नाही, मरणाचे भय नाही. हीही मर्यादा ओळखली पाहिजे.

आपल्याच टापूत, गोंदियाजवळ बिरसी येथे, सिम्युलेटर बनवणाऱ्या कॅनडातील सीएई कंपनीच्या भागीदारीने राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था निघाली. तेव्हा हे शास्त्र झाडीपट्टीला परके राहिलेले नाही. येथल्या एखाद्या मुलाला संगणकावर असा कक्ष रेखाटण्याचा छंद लागला, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नये. लिंकच्या यंत्रालाही आरंभी जत्रेतले खेळणेच म्हणत.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ वायुदलातून निवृत्त झाले. ते खरे कक्ष आता आकाशात जाणार नाहीत. त्यांच्या अनुकृती मात्र राहतील. त्या घडवणाऱ्याने समोरच्या फळीवरची पांढरी रेघ अवश्य काढावी, आणि ती कशासाठी होती हेही पाहणाऱ्याला सांगावे.