१९५७ : श्रोत्यांची वाटणी

नभोवाणीचा इतिहास बहुधा केंद्रे, प्रक्षेपक आणि अधिकारी यांच्या अंगाने लिहिला जातो. श्रोता त्यात फारसा येत नाही. आलाच तर आकड्याच्या रूपाने. वाङ्मयेतिहासात वाचकाची दीर्घकाळ जी अवस्था होती, तीच ही. म्हणून १९५७ या वर्षाकडे आम्हांला श्रोत्याच्या बाजूने पाहावेसे वाटते. त्या वर्षी अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने लंडनमध्ये आणि भारतात नभोवाणीची घडी बदलली. ३० सप्टेंबरला बी.बी.सी.च्या ‘थर्ड प्रोग्रॅम’चे तास कापले गेले, ३ ऑक्टोबरला आकाशवाणीची ‘विविध भारती’ सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न होता : श्रोता एक मानायचा की अनेक?

दुसऱ्या महायुद्धानंतर बी.बी.सी.ने तीन स्वतंत्र सेवा उभ्या केल्या. ‘होम सर्व्हिस’, करमणुकीसाठी ‘लाइट प्रोग्रॅम’ (१९४५) आणि अभिजात कला व विचार यांसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’ (१९४६). महासंचालक विल्यम हेली यांच्या कल्पनेत हा एक सांस्कृतिक पिरॅमिड होता. श्रोत्याने पायथ्याशी प्रवेश करावा आणि हळूहळू वर चढत जावे, अशी अपेक्षा होती. डिलन टॉमसचे ‘अंडर मिल्क वुड’ (१९५४) आणि बेकेटचे ‘ऑल दॅट फॉल’ (जानेवारी १९५७) ही श्राव्य नाट्ये ‘थर्ड’वरूनच प्रथम ऐकली गेली. पण १९५५ पासून व्यापारी दूरचित्रवाणी आली आणि संध्याकाळचा श्रोता पडद्याकडे वळू लागला. १९५७ मध्ये ‘थर्ड’चे आठवड्याचे चाळीस तास चोवीसांवर आणले गेले, मोकळ्या झालेल्या वेळात ‘नेटवर्क थ्री’ हा भाषापाठ आणि छंद यांचा कार्यक्रम सुरू झाला. टी. एस. एलियट, लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्यासारख्यांनी विरोध केला. तो निष्फळ ठरला. श्रोता आपापल्या मजल्यावरच राहतो, जिना चढत नाही, याची ही अप्रत्यक्ष कबुली होती.

भारतातील कथा वेगळ्या टोकापासून सुरू होते. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीत हाच राष्ट्राचा खरा आवाज, अशी या मराठी मंत्र्यांची निष्ठा होती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि चित्रपटगीतांवर मर्यादा आल्या. निर्मात्यांशी वाद होऊन ती गाणी काही काळ आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. पाच वर्षांनी निघालेली ‘विविध भारती’ हे त्या मूक मतदानाला दिलेले उत्तर होते. मुंबई आणि मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून आरंभी रोज पाच तास तिचे कार्यक्रम होत. जे लोकांना हवे ते त्यांना मिळाले, हे न्याय्यच झाले. मात्र ते स्वतंत्र दालनात मिळाले. एकत्र घराची वाटणी व्हावी, तशी अभिरुचीची वाटणी झाली.

या दोन टोकांखेरीज तिसरी वाट नव्हतीच काय? ती होती, आणि तिचा माग पुण्यात लागतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तेथून ‘गीतरामायण’ प्रसारित झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत. रागसंगीताचा पाया, भावगीताचे सौष्ठव आणि कीर्तनाची कथनरीत हे सारे त्यात एकवटले होते. त्याला ‘अभिजात’ म्हणावे की ‘सुगम’, हा प्रश्न श्रोत्यांना पडला नाही. त्याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत दाखल झाले. ‘बनगरवाडी’ही १९५५ चीच. माणदेशातून आलेल्या या दोघा बंधूंनी एकाच केंद्रावर दोन निराळे आवाज उभे केले.

पुण्याचाच आणखी एक प्रयोग वाङ्मयाच्या अभ्यासकांना सहसा ठाऊक नसतो. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांसाठी वीस कार्यक्रम सादर केले. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यात होती. आमचे पाटण तेव्हा उत्तर सातारा जिल्ह्यात मोडत असे. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, त्यावर चर्चा करावी, निर्णय घ्यावा आणि शंका केंद्राला कळवाव्यात, अशी पद्धत होती. पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांची दखल घेतली जाई. श्रोतृमंडळ असलेल्या गावांची तुलना मंडळ नसलेल्या गावांशी करून समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मूल्यमापन केले, आणि मंडळांच्या गावांत ज्ञानात भर पडल्याचे त्यांना दिसून आले. १९५९ मध्ये योजना देशभर नेण्यात आली.

लंडनचा पिरॅमिड काय किंवा केसकरांचा आग्रह काय, दोन्हीकडे श्रोत्याची पायरी आधीच ठरलेली होती. त्याला वर न्यायचे किंवा आहे तेथे रिझवायचे, एवढाच पर्याय उरे. ‘गीतरामायणा’ने पायऱ्याच मोजल्या नाहीत आणि श्रोतृमंडळांनी श्रोत्याला बोलते केले. पुढचा इतिहास मात्र वाटणीचाच आहे. दहा वर्षांनी, ३० सप्टेंबर १९६७ रोजी, बी.बी.सी.ने आपल्या सेवांना एक ते चार असे क्रमांक दिले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई-पुणे-नागपूर येथून ‘विविध भारती’वर जाहिराती सुरू झाल्या. श्रोता आता गिऱ्हाईकही झाला.

साहित्याच्या अध्यापकांना या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमच्या मते बरेच आहे. ‘ग्रामीण साहित्य’ ही संज्ञा आपण पुस्तकांवरून शिकवतो. पण बोलीला प्रतिष्ठा देणाऱ्या घटकांत नभोवाणीचाही वाटा होता. दुसरे असे की, ‘अभिजात’ आणि ‘लोकप्रिय’ हे कप्पे आपण अभ्यासक्रमात निसर्गदत्त असल्यासारखे वापरतो. ते कधीतरी, कोणीतरी, काही निश्चित कारणांसाठी पाडलेले असतात. १९५७ च्या त्या आठवड्यात ते कसे पडतात हे तारखेनिशी दिसते. आणि ते नसतानाही उत्तम निर्मिती कशी होते, हे दाखवणारी दोन वर्षे त्याच्या अगदी मागेच उभी आहेत. विद्यार्थ्याच्या हाती वाङ्मयप्रकारांची यादी देण्यापूर्वी ती दोन वर्षे त्याला ऐकवावीत, एवढेच आमचे म्हणणे.